गर्दी झाली की खेळ अडखळायचा

धाकट्या भावाची तक्रार नेहमी एकाच वाक्यात यायची: "ताई, कुणी नसलं की मस्त चालतं, गर्दी झाली की अडखळतं." 'काउंटर-स्ट्राइक २' या संगणकावरच्या खेळात तो एकटा कोपऱ्यात दबा धरून बसला की पडद्यावरचा एफपीएसचा आकडा, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेम (चित्रं), शंभराच्या वर असायचा. पाच-सहा खेळाडू एका चौकात भिडले की चित्र क्षणभर थिजायचं, आणि ते पुन्हा हलेपर्यंत हा मेलेला असायचा. 'सायबरपंक २०७७'मध्येही तसंच. शहराबाहेरच्या उजाड माळावर गाडी सुसाट पळायची, बाजारातल्या गर्दीत शिरली की धक्के खात चालायची.

त्याच्या मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय५-६५०० हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, होता. २०१५ सालचा, चार कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालवता येणाऱ्या कामांच्या ओळी). जोडीला चित्र रंगवणारं ग्राफिक्स कार्ड, सहा जीबीचं जीटीएक्स १०६०. हे मशीन त्या वेळी मीच निवडून दिलं होतं, त्यामुळे नवं निवडण्याचं कामही माझ्याकडेच आलं. पैसे मोजके होते आणि मधूनच वाढवता येण्यासारखे नव्हते.

त्याच्या त्या वाक्याकडे मी बरेच दिवस नीट लक्ष दिलं नाही. खेळ अडखळतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय असं मी धरूनच चालले होते. ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. सगळे पैसे एका चांगल्या कार्डात घालायचे असं जवळजवळ ठरलंही होतं. त्याआधी एकदा मोजून तरी बघावं म्हणून बसले, आणि त्या एका संध्याकाळी सगळा बेत बदलला.

मोजायला फार काही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे दोन्ही फुकट मिळतात. खेळ चालू असताना प्रत्येक कोअरवर किती भार आहे, कार्डावर किती आहे आणि एका फ्रेमला किती वेळ लागतोय, हे पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं. भावाला म्हटलं, "तू नेहमीसारखा खेळ, मी नुसते आकडे बघते." गाडी बाजारात शिरली तेव्हा चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकले होते आणि कार्ड साठ-पासष्ट टक्क्यांवर रेंगाळत होतं. मग खेळाचं रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणलं. चित्र धूसर झालं, रंगवायचे पिक्सेल निम्म्याहूनही कमी झाले, पण बाजारातला एफपीएस जिथल्या तिथे राहिला. कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी करूनही वेग वाढत नसेल, तर कार्ड मुळात रिकामं बसून वाट बघत होतं. काम अडलं होतं प्रोसेसरपाशी.

रिझोल्यूशन उतरवून बघण्याचा हा प्रयोग खरेदीच्या आधी प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे. एफपीएस भरभर वाढला तर कार्ड कमी पडतंय, आणि नाही वाढला तर प्रोसेसर. आम्ही हा प्रयोग केला नसता तर सगळे पैसे कार्डात गेले असते आणि बाजारातले धक्के तसेच राहिले असते.

असं का होतं, तेही मग मुळातून समजून घेतलं. प्रत्येक फ्रेमच्या आधी प्रोसेसरला बरंच काही ठरवावं लागतं: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, रस्त्यावरचा माणूस कोणत्या बाजूला वळणार, कुठला आवाज कुठून यायला हवा. त्यावरून काय काय रंगवायचं याची यादी तयार होते आणि ती कार्डाकडे जाते. रंगवण्याचं काम कार्डाचं. रिझोल्यूशन वाढवलं की रंगकाम वाढतं, यादी जवळपास तेवढीच राहते. म्हणून ४केवर खेळणाऱ्याला दोन प्रोसेसरांमधला फरक फारसा जाणवत नाही आणि १०८०पीवर खेळणाऱ्याला तो लख्ख दिसतो. गर्दी झाली की मात्र यादीच लांबते. भाऊ इतके महिने जे सांगत होता ते अचूक निदान होतं. मी ते तक्रार म्हणून ऐकत होते.

त्या दिवसापासून एक वही केली. प्रत्येक खेळाला एक ओळ, आणि ओळीत सरासरी वेगाबरोबर सगळ्यात वाईट क्षणाचा वेग. हा दुसरा रकाना पुढे फार कामाला आला, कारण सरासरी माणसाला अगदी सहज फसवते. समजा शंभर फ्रेम आहेत. नव्याण्णव फ्रेम प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीला ८० मिलिसेकंद लागले. सरासरी काढली तर सेकंदाला जवळजवळ ११५ फ्रेम भरतात, कागदावर छानच दिसतं. पण त्या एका फ्रेमपाशी चित्र दहा फ्रेमांइतका वेळ थांबलेलं असतं, आणि खेळणाऱ्याच्या लक्षात राहतो तो तेवढाच क्षण. म्हणून तुलना करणारे लोक 'एक टक्का लो' नावाचा आकडा देतात: सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांवरून काढलेला वेग. प्रोसेसर निवडायचा तर मी हाच आकडा आधी बघते, सरासरी नंतर.

पडद्याचाही हिशेब मांडावा लागतो: तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते हर्ट्‌झमध्ये मोजतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यासाठी प्रोसेसरला एका फ्रेममागे १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्‌झसाठी फक्त ६.९४. भावाचा पडदा १४४चा आहे. ज्याच्याकडे ६० हर्ट्‌झचाच पडदा आहे आणि जो 'एल्डन रिंग'सारखा मुळातच ६० फ्रेमांवर बांधलेला खेळ खेळतो, त्याची गरज वेगळी. त्याने माझ्या निवडीवर जाऊ नये.

पहिला विचार अर्थातच सगळ्यात स्वस्त उपायाचा. त्याच मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) कोअर आय७-६७०० बसतो, बाकी काहीही न बदलता. चारच कोअर, पण थ्रेड आठ. जुना वापरलेला मिळाला असता आणि धक्के नक्की कमी झाले असते, याची मला खात्री होती. दोन दिवस त्याच विचारात होते. पण विंडोज ११च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत ही पिढी नाही. इंटेलच्या बाजूने ती यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. मोजके पैसे अशा प्रोसेसरमध्ये घालायचे की ज्याचा रस्ता काही महिन्यांत संपणार आहे, हे मनाला पटलं नाही.

याच सुमारास एका सहकाऱ्याने सर्व्हरमधून काढलेल्या झिऑन या इंटेलच्या प्रोसेसरचा सल्ला दिला. ई५-२६८० व्ही४, तब्बल चौदा कोअर आणि अगदी थोडक्यात मिळणारा. चौदा आकडा ऐकून भाऊ हरखला. पण त्याचा वेग फार तर ३.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो आणि त्याची घडणही जुनी आहे. खेळातलं सगळं काम सगळ्या कोअरांत सारखं वाटता येत नाही. एक मुख्य थ्रेड असतो, बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. तो एक हळू चालला की उरलेले तेरा कोअर नुसते बसून राहतात. व्हिडिओ रूपांतरित करायला असा प्रोसेसर उपयोगी पडेल. आमच्या कामाचा नव्हता.

तर मग किती कोअर हवेत? कोअर आय३-१२१००एफने मला खरंच पेचात टाकलं. चार कोअर, आठ थ्रेड, ४.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत वेग, आणि एकेका कोअरची ताकद अशी की बऱ्याच खेळांत तो महागड्या प्रोसेसरांच्या जवळ जातो. अगदीच कमी पैशांत मशीन जुळवणाऱ्याला मी आजही तो सुचवेन. (त्याचे पुढचे दोन भाऊ, १३१००एफ आणि १४१००एफ, नावाने एकेक पिढी पुढे असले तरी आत चारच कोअर आणि तेवढीच १२ एमबी कॅश, म्हणजे आतली छोटी वेगवान मेमरी, वेग थोडा वाढवलेला. नवा आकडा बघून जास्त पैसे देण्याआधी हे माहीत असावं.) पण आमचा त्रास गर्दीचा होता. शिवाय भाऊ खेळताना मित्रांशी बोलत असतो, मागे ब्राउझर उघडा असतो, कधी खेळ रेकॉर्डही होत असतो. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये आठ-आठ कोअर आहेत. नवे खेळ तेवढे कोअर धरून लिहिले जातात. चार कोअरवर ते चालतात, पण गर्दीच्या क्षणासाठी हाताशी काही उरत नाही. मी सहा कोअर, बारा थ्रेड ही खालची मर्यादा ठरवली आणि मग तिथून मागे हटले नाही.

सहा कोअरच्या गटात शिरल्यावर नावांचं जंगल लागतं. एएमडीचे रायझन ५ ३६००, ५५००, ५६००, ५६००जी, ७५००एफ, ७६००. पलीकडे इंटेलचे आय५-१२४००एफ आणि १३४००एफ. शेवटच्या अक्षरांचा उलगडा सोपा आहे. इंटेलच्या नावातल्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही. रायझनच्या ५६००जीमधला जी म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. खरी गोम आकड्यांत आहे, आणि तिथे माझा एक आठवडा गेला.

५५०० आणि ५६०० घ्या. दोन्ही २०२२च्या एप्रिलमधले, दोन्ही एएमडीच्या झेन ३ या पिढीच्या घडणीचे, दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. कमाल वेग एकाचा ४.२ आणि दुसऱ्याचा ४.४ गिगाहर्ट्‌झ. मला वाटलं, ०.२ गिगाहर्ट्‌झने काय बिघडतंय, ५५०० घेऊन टाकू. पण आतली चिप वेगळी निघाली. ५५०० हा खरं तर ५६००जीच्याच कुळातला, आतलं ग्राफिक्स बंद केलेला. त्यामुळे त्याची एल३ कॅश १६ एमबी, तर ५६००ची ३२. शिवाय तो कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ३.० आवृत्तीने बोलतो, ५६०० मात्र ४.०ने.

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताजवळची जागा. लागणारी माहिती तिथे सापडली तर साधारण दहा नॅनोसेकंदांत मिळते. नाही सापडली तर रॅमपर्यंत, म्हणजे मुख्य मेमरीपर्यंत, जावं लागतं आणि तो फेरा सत्तर-ऐंशी नॅनोसेकंदांचा होतो. ४.४ गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या कोअरच्या दृष्टीने तेवढ्या वेळात तीनशेहून जास्त ठोके निघून जातात. बाजारातली शंभर माणसं, त्यांच्या जागा, त्यांच्या चाली ही माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत आणि बेभरवशाच्या क्रमाने लागते. त्यामुळे खेळांना कॅशची भूक मोठी. म्हणूनच ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी वेगाच्या आकड्यात ५८००एक्सच्या मागे असूनही खेळात त्याच्या पुढे निघून गेला. हे कळल्यावर मला गिगाहर्ट्‌झचं आकर्षण उरलं नाही.

वापरलेल्या रायझन ५ ३६००वरही बराच वेळ नजर होती. त्याचीही कॅश कागदावर ३२ एमबीच आहे. पण झेन २मध्ये कोअरांचे दोन गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला १६ एमबी येते. झेन ३मध्ये ही भिंत काढली, सगळे कोअर एकाच ३२ एमबीच्या साठ्याभोवती बसतात. एकच आकडा, पण त्यामागची गोष्ट दोन तऱ्हांची. एका पिढीत खेळांमधला वेग एवढा वाढला त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

पीसीआय एक्सप्रेसचा मुद्दा आधी मी बाजूला सारला होता, पण तो आमच्याच कार्डाशी येऊन भिडला. प्रोसेसरनंतर उरलेल्या पैशांत वापरलेलं आरएक्स ६६०० बसत होतं. हे कार्ड सोळाऐवजी आठच मार्गिका वापरतं. ४.०च्या जोडणीत त्या आठ मार्गिकांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ३.०मध्ये निम्मे. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरते तोवर हा फरक फारसा दिसत नाही. ती भरली आणि रॅमकडे ये-जा सुरू झाली की जाणवतो. चारच मार्गिकांच्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर ३.०वर चांगलाच फटका बसतो. प्रोसेसर आणि कार्ड सुटे सुटे निवडू नयेत, याची मला इथे खात्री पटली. मदरबोर्डचंही तसंच: ५६०० घेऊन बी४५० किंवा ए५२० जातीच्या बोर्डवर बसवला तरी जोडणी ३.०चीच राहते. ४.०साठी बी५५० किंवा एक्स५७० लागतो.

आता उरले तीन. एएमडीच्या नव्या सॉकेटवरचा (प्रोसेसर बसतो ती खाच), म्हणजे एएम५वरचा, ७५००एफ किंवा ७६००, इंटेलचा १२४००एफ, आणि जुन्या एएम४वरचा ५६००.

एएम५चा आग्रह भावाचा होता. "ताई, नवंच सॉकेट घेऊया ना. पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल." त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. ७६०० हा ५६००पेक्षा खेळात स्पष्टपणे वेगवान आहे, यात वादच नाही. एएम४वर पहिले रायझन २०१७ साली आले, आणि तेव्हाच्या कित्येक मदरबोर्डांवर बायोस (मशीन सुरू करणारी बोर्डावरची आज्ञावली) बदलून २०२२चे प्रोसेसर चालले. ज्यांनी तेव्हा ते बोर्ड घेतले त्यांना पाच वर्षांनी खरोखर मोठी झेप घेता आली. एएम५लाही निदान २०२७पर्यंत साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे.

मी त्याला विचारलं, "जुन्या मशीनचा प्रोसेसर आपण कधी बदलला?"

"नाही बदलला."

"बदलता येत होता?"

"येत होता. आय७ बसला असता."

आमच्याकडे मशीन एकदा जुळलं की ते थकेपर्यंत चालतं, आणि मग सगळंच एकदम बदलतं. दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्याला सॉकेटच्या भविष्यासाठी आज पैसे मोजणं परवडतं. आम्हाला ते पैसे आजच्या खेळातून काढून द्यावे लागणार होते. एएम५वर फक्त डीडीआर५ ही नवी रॅम चालते, बोर्डही महाग. सगळी बेरीज करून पाहिली तर कार्डाला उरलेल्या पैशांत आरएक्स ६६०० जाऊन त्याच्या खालचं चार जीबीचं कार्ड येत होतं. प्रोसेसर पळाला असता आणि कार्ड दमलं असतं, म्हणजे आमचं दुखणं फक्त जागा बदलून बसलं असतं. वहीत हा हिशेब मांडून दाखवला तेव्हा त्यालाही पटलं. थोडा हिरमुसला, पण पटलं.

१२४००एफ आणि ५६०० यांत डावं-उजवं करणं कठीण होतं. दोघांतही सहा कोअर, बारा थ्रेड, कमाल वेगही ४.४. एका खेळात हा पुढे, दुसऱ्यात तो. इथे प्रोसेसरांकडे बघणं सोडून दिलं आणि मदरबोर्डांकडे बघितलं. आमच्या पैशांत इंटेलच्या बाजूला एच६१०चा बोर्ड येत होता: रॅमच्या दोनच जागा आणि डीडीआर४चा वेग ३२००वर अडलेला. तेवढ्याच पैशांत बी५५० येत होता: चार जागा, रॅमचा वेग वाढवायची मोकळीक. विजेचंही पाहिलं. १२४००एफ जोर लावताना ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, ५६०० ७६ वॅटवर थांबतो. आरएक्स ६६००चे १३२ वॅट धरले तरी आमचं दोन वर्षांपूर्वीच बदललेलं ५५० वॅटचं एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आरामात पुरणार होतं. एखाद्याला उलट बी६६०चा बोर्ड चांगल्या भावात मिळत असेल तर त्याने बेलाशक १२४००एफ घ्यावा, त्याचं काही चुकणार नाही.

आम्ही ५६०० घेतला.

दोन्ही प्रोसेसरांत आतलं ग्राफिक्स नाही, ही गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. उद्या कार्ड बंद पडलं तर पडदा पूर्ण काळा. म्हणून जुनं १०६० विकलं नाही, डब्यात घालून ठेवलं. दोनच दिवसांत ते बाहेर काढावं लागलं.

जुळणीच्या दिवशी मशीन चालू केलं, पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडद्यावर काहीच नाही. कार्ड बदलून १०६० लावलं, तरीही नाही. रॅमची एकच स्टिक ठेवून पाहिलं. भावाचा चेहरा उतरला होता. मला वाटत होतं, प्रोसेसर बसवताना आपल्या हातून एखादी पिन वाकली. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, दांडी उभी करायची आणि प्रोसेसर नुसता अलगद ठेवायचा, तो आपल्या वजनाने खाली बसतो. मी तसंच केलं होतं. तरी पुन्हा काढून, उजेडात धरून पिनांच्या रांगा एकेक करून पाहिल्या. सगळ्या सरळ होत्या.

मग बोर्डाच्या खोक्यावरची तयारीची तारीख पाहिली. बी५५० हे बोर्ड २०२०च्या मध्यावर बाजारात आले, ५६०० आला २०२२मध्ये. आमचा बोर्ड बराच काळ कुठेतरी पडून असलेला, त्याच्यातला बायोस या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. सुदैवाने त्यावर प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं बटण होतं. दुसऱ्या संगणकावरून बोर्डाची नवी बायोस फाइल उतरवली, तिला बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं नाव दिलं, पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून मागच्या ठरावीक यूएसबी खाचेत लावला आणि बटण दाबून धरलं. एक छोटा दिवा लुकलुकायला लागला. तो थांबेपर्यंत वीज जाऊ नये एवढीच प्रार्थना चालली होती. दिवा विझला, मशीन चालू केलं आणि पडदा उजळला. बजेटमध्ये एएम४ जुळवणाऱ्याने बोर्ड निवडतानाच हे बटण आहे का ते बघावं. नसेल तर विक्रेत्याकडून बायोस बदलून घ्यावा.

कूलर बसवणं त्यामानाने सोपं गेलं. प्रोसेसरसोबत आलेलाच लावला. बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस काढायचे, मागची पट्टी तशीच ठेवायची आणि चार स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे आवळत न्यायचे. पेस्ट त्याला आधीच लावलेली असते. ती पहिल्या वेळच्या काढघालीत पुसली गेली होती, म्हणून नवी लावली.

पहिल्या रात्री खेळून पाहिलं आणि मी जरा निराशच झाले. धक्के खूप कमी झाले होते, पण जेवढी आशा होती तेवढं नाही. भाऊ खूश होता, वहीतला दुसरा रकाना मात्र माझं समाधान करत नव्हता. दुसऱ्या दिवशी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघितला. ३६००ची रॅम २१३३वर चालत होती! बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय सुरू केल्याशिवाय रॅम खोक्यावरच्या वेगाने चालतच नाही. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. रायझनमध्ये याचा परिणाम आणखी जास्त, कारण प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक नावाची जोडणी रॅमच्या ठोक्यावर चालते. ३६००च्या रॅमसोबत ती १८०० मेगाहर्ट्‌झवर धावते, २१३३सोबत जेमतेम १०६७वर. जुनी रॅम नव्या मशीनमध्ये न वापरण्याचा निर्णय मी याच कारणासाठी घेतला होता, आणि नवी रॅम नकळत त्याच जुन्या वेगाने चालवत होते.

एक्सएमपी सुरू केलं. स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत आहेत ना, म्हणजे दोन्ही वाहिन्या चालू आहेत ना, तेही तपासलं. आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये पडदा १४४ऐवजी ६० हर्ट्‌झवरच बसला होता, तो दुरुस्त केला. हे शेवटचं कित्येक लोकांचं वर्षानुवर्षं तसंच राहून जातं.

संध्याकाळी भावाने तोच बाजार उघडला. गाडीचा रस्ताही तोच, वेळही खेळातली दुपारची, म्हणजे तुलना नीट व्हावी. सेटिंगमध्ये गर्दीची घनता पूर्वी आम्ही सगळ्यात कमीवर ठेवत असू. त्याने माझ्याकडे बघितलं.

"जास्तवर टाकू?"

"टाक."

रस्ता माणसांनी भरून गेला. गाडी आत शिरली, आणि कोपऱ्यातली फ्रेमच्या वेळेची रेघ, जी पूर्वी इथे करवतीसारखी दातेरी व्हायची, ती किंचित थरथरून पुन्हा सपाट झाली. प्रोसेसर साठ टक्क्यांच्या आसपास, कार्ड अठ्ठ्याण्णववर. आता कार्ड कुणाची वाट बघत नव्हतं. मी वहीत त्या जुन्या ओळीच्या खाली नवी ओळ ओढली आणि दुसऱ्या रकान्यात आकडा लिहिला. पूर्वीच्या दुपटीहून थोडा जास्त होता. भाऊ तोवर बाजार ओलांडून पुढच्या चौकात पोचला होता आणि तिथे आणखी गर्दी होती.